सोलापुरी चादरीचा सुपरमॅन: मापं, माया आणि थोडी भांडणं

भाड्याचा ड्रेस आणू नका. हे आधीच सांगून टाकते.

मागच्या डिसेंबरात भाच्याच्या शाळेतून रात्री नऊला निरोप आला. परवा स्नेहसंमेलन, दुसरीच्या मुलांनी आवडत्या हिरोच्या वेशात यावे. दादा तसाच गाडी काढून गेला आणि भाड्याचा सुपरमॅन घेऊन आला. त्यात स्पंजाचे दंड होते. डावा दंड घसरून कोपराखाली आलेला, छाती पोटावर उतरलेली, आणि केप म्हणून जे काही होतं ते अस्तराचं कापड. उजेडात धरलं की पलीकडच्या कॅलेंडरवरची एकादशी दिसत होती. भाचा तो घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, हा सुपरमॅन आजारी हाय का?"

मी शाळेचे गणवेश शिवते, पीसवर, म्हणजे नगाच्या हिशेबानं. मे-जूनमध्ये पाणी प्यायला सवड नसते, डिसेंबरात मशीनवर पापड वाळत घातले तरी चालतात. शिवाय या हिरो लोकांचं मला लहानपणापासून वेड. वडिलांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता, त्यातला वेताळ, म्हणजे जंगलातला मुखवटेवाला फँटम, मी अक्षरं जुळवत वाचला. १९९७ साली टीव्हीवर शक्तिमान सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढे तो रविवारी दुपारी बाराला लागायचा, तेव्हा आमच्या गल्लीत चिटपाखरू नसायचं. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मला खटकत आली आहे. कोण किती जोरात उडतो, कुणाच्या डोळ्यांतून काय निघतं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. कपडे कुणी शिवले, हे कुणी विचारत नाही.

म्हणून ही कृती. लागणारं सामान: एक लाल सोलापुरी चादर, तीन इंच वेल्क्रो, निळा टी-शर्ट, निळी लेगिंग, पिवळा आणि लाल कटपीस, थोडं फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर). आणि आई दुपारची झोपलेली असावी.

चादरच का, तर सुपरमॅनचा केप मुळात चादरच आहे. हा माझा विनोद नाही. सुपरमॅन १९३८ साली आला, आणि त्याच्या जुन्या कॉमिक्समध्ये असं सांगितलंय की क्रिप्टॉन ग्रहावरून बाळ आलं ते लाल, निळ्या, पिवळ्या दुलयांत गुंडाळलेलं होतं. ज्या बाईनं त्याला सांभाळलं त्या मार्था केंटनं त्याच दुलयांचा ड्रेस केला. कात्री चालेना, म्हणून तिनं कापड उसवून धागे काढले, आणि धागा तोडायची वेळ आली की पोरगं डोळ्यांतल्या उष्णतेनं तोडून द्यायचं. आता सांगा, ही बाई अमेरिकेतल्या कॅन्ससची वाटते की आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली? मला तर ती कन्ना चौकात, मागाच्या खटखटीत, कांडी भरत बसलेलीच दिसते.

तर चादर. जुनी घ्या, पाच-सहा धुण्यांतून गेलेली. नवी घेतलीत तर आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर, आणि एकटीच भिजवा. मी भाच्याच्या पहिल्या प्रयोगाला नवी कोरी लाल चादर घेतली आणि घाईत तिच्याबरोबर दादाचे तीन बनियन बादलीत टाकले. दादा अजून गुलाबी बनियन घालतो, आतून. रंगाच्या बाबतीत मनाला फार लावून घेऊ नका. हल्क, तो रागावला की फुगणारा हिरो, १९६२ साली पहिल्या अंकात राखाडी होता. छपाईत तो राखाडी रंग एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. आमच्याकडे डाइंगवाला म्हणतो, "लॉट बदलला की शेड बदलणारच, ताई." हेच तिकडं झालं आणि त्यावर साठ वर्षं धंदा चालला.

मापाकडे नीट लक्ष द्या, कारण मी दिलं नव्हतं. आमची एकेरी चादर साठ बाय नव्वद इंचांची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घातली तर सव्वा किलो भरली. भाचा वीस किलोचा. पहिल्या रात्री मी अख्खी चादर दुहेरी करून त्याच्या खांद्यांना लावली, तर पोरगं उभ्या उभ्या मागं कलायला लागलं. उडण्याचा हात पुढं केला की पाय मागं घसरायचे. मग हिशेब मांडला. मानेपासून पोटरीच्या वरपर्यंत लांबी बत्तीस इंच, खालचा घेर पंचेचाळीस. एवढ्या तुकड्याचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत येतं. घोट्यापर्यंत लांब केप चित्रातच ठेवा. जिन्यावर मुलाचा स्वतःचाच पाय त्यावर पडतो.

पाच वर्षांखालच्या मुलाला चादर नकोच. टॉवेल घ्या. सोलापूरच्या चादरीला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं आपल्या टेरी टॉवेललाही आहे, म्हणजे मान कुठं कमी होत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये कुणी वाढदिवसाला हिरो व्हायचं म्हणालं तर त्याला गणपती उत्सवापर्यंत थांबवा. पारा चव्वेचाळीसवर असताना अंगावर चादर घेणारा माणूस जगाला काय वाचवणार, त्यालाच ताक पाजावं लागेल.

कापताना. चादरीची वीण जाड असते आणि कापली की कडा झरझर सुटतात. म्हणून आधी खडूनं खूण करा, खुणेच्या दोन्ही बाजूंना मशीनची एकेक टीप मारा, आणि मग मधून कात्री चालवा. सुई सोळा नंबरची, टाका मोठा. चौदा नंबरच्या मी दोन सुया मोडल्या आणि एका सुईचं टोक अजून सापडलेलं नाही. चादरीचा तयार काठ केपच्या खालच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे तिथं दुमड घालायला नको, आणि ती जकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली नक्षी चालताना हलते तेव्हा फार ऐटदार दिसते. सोलापुरी चादर दोन्हीकडून वापरता येते. जो रंग इकडं जमिनीचा, तो तिकडं नक्षीचा. त्यामुळं केप उलटा घातला तर हिरोचा व्हिलन होतो. हे भाच्यानं शोधून काढलं.

मी पहिली कात्री मारली आणि नेमकी आई उठली.

"काय करालीस गं?"

"केप."

"चांगली चादर कापालीस? तुझ्या बाबांनी आणलेली?"

बाबांनी आणलेली ती नव्हती, ती कपाटात होती. पण हे पटवायला अर्धा तास गेला. तुम्ही तो वेळ धरून चला.

आता गळा. इथं मी अगदी शाळेच्या बाईसारखं बोलणार आहे. केपला नाडी लावायची नाही. गाठ मारायची नाही. २००४ च्या 'द इन्क्रेडिबल्स' या सिनेमात एडना मोड नावाची एक बुटकी, चष्मेवाली ड्रेस डिझायनर आहे. ती केप शिवायला साफ नकार देते आणि यादीच वाचते: एकाचा केप क्षेपणास्त्राच्या पंखात अडकला, एकाचा लिफ्टमध्ये, एकीचा विमानाच्या इंजिनात. सगळ्या सिनेमांत शिवणकामाची अक्कल असलेलं हे एकच पात्र. आपल्याकडं विमानाचं इंजिन नाही, पण स्कूटीचं मागचं चाक आहे. ओढणी चाकात गेल्याच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. म्हणून दोन्ही खांद्यांवर दीड-दीड इंच वेल्क्रो, टी-शर्टच्या शिलाईवर पक्का शिवलेला. कुणी मागून ओढलं की केप सुटून हातात आला पाहिजे. शिवून झाल्यावर स्वतः ओढून बघा, सहज सुटला तरच पास. आणि गाडीवर जाताना केप पिशवीत. रडला तरी पिशवीत.

शक्तिमानला केपच नव्हता हे आठवतं ना? शहाणा माणूस. गोल फिरला की कपडे अंगावर. मी लहानपणी अंगणात तसंच गोल फिरायचे. अंगावर नवा ड्रेस कधी आला नाही, चक्कर मात्र आली.

छातीवरचा एस. पिवळ्या कटपीसची ढाल, त्यावर लाल एस. गणवेशाच्या कारखान्यातून असे तुकडे ओळखीनं मिळतात, नाहीतर मधल्या मारुतीच्या बाजारात जा. लाल कापडाला मागून फ्युजिंग चिकटवून, फ्युजिंगवर एस काढून कापायचा. यात एक ग्यानबाची मेख आहे. मागच्या बाजूला सरळ एस काढलात की पुढून तो उलटा दिसतो. मी पंधरा वर्षं गणवेशांचे बिल्ले लावतेय, तरीही माझं तेच झालं, कारण रात्रीचा दीड वाजला होता. इस्त्री करून टी-शर्ट उलटला, तर छातीवर ठसठशीत दोन. आपला मराठी २.

सकाळी भाच्यानं बघितलं आणि विचारलं, "आत्या, हा दुसरीतला सुपरमॅन हाय का?"

मग उसवला. तुम्ही मात्र आधीच उलटा काढा.

चड्डीवर आमच्या घरात दोन तट पडले. दादाचं म्हणणं, बाहेरून चड्डी घातलेलं पोरगं स्टेजवर पाठवायचं नाही. भाचा म्हणे, चड्डीशिवाय सुपरमॅन कसला? इतिहास भाच्याच्या बाजूनं आहे. त्या काळी सर्कशीतले ताकदवान गडी आणि कुस्तीवाले घट्ट विजारीवर तशीच चड्डी घालायचे, तिथून ती आली. २०११ मध्ये कॉमिक्सवाल्यांनी ती काढून टाकली आणि २०१८ ला परत चढवली. म्हणजे मोठमोठ्या लोकांनाही सात वर्षं करमलं नाही. मी लाल कटपीसची आखूड चड्डी शिवली, कमरेला इलॅस्टिक, वर पिवळा पट्टा. वाढत्या अंगाचं पोर आहे, म्हणून बाजूला दोन इंच माया, म्हणजे शिलाईत जास्तीचं कापड, सोडली.

मायेवरून आठवलं. ब्रूस बॅनर नावाच्या साध्या माणसाचा हल्क होतो तेव्हा शर्ट फाटतो, बाह्या फाटतात, पँटच्या चिंध्या गुडघ्यापर्यंत येतात, आणि कंबर शाबूत. तो शिंपी मला एकदा भेटायला हवा. किती माया सोडली असेल त्यानं? आमच्याकडं पाचवीतलं पोरगं दिवाळीच्या सुट्टीत फराळ खाऊन आलं की हूक तुटतो आणि आई येऊन म्हणते, "शिलाई कच्ची हाय तुमची."

बाकीच्या हिरोंचं थोडक्यात. बॅटमॅनला काळी चादर लागेल, मला मिळाली नाही. वेताळ सोपा आहे, जांभळी लेगिंग आणि बोटात कवटीची अंगठी, पण मुलं ओळखत नाहीत. आजोबा लोक मात्र उठून टाळ्या वाजवतील. छोटा भीम सगळ्यात स्वस्त. धोतर नेसवा, हातात लाडू द्या, लाडू स्टेजवर पोचेपर्यंत टिकेल एवढं बघा.

स्पायडरमॅन शिवू नका. मी मनापासून सांगते. चारही बाजूंनी ताणणारं कापड लागतं, साध्या सुईनं टाके सुटतात, आणि वर ते जाळं, एकेक रेघ शिलाईवर जुळवायची. पीटर पार्कर पंधरा-सोळा वर्षांचं शाळकरी पोर, काकूला पत्ता लागू न देता घरात बसून हे एकट्यानं शिवतो. भिंतीवर चढणं मी समजू शकते, कोळी चावला होता. शिवणकाम त्याला कोण चावलं?

संमेलनाच्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. पडद्यामागं एकूण सहा सुपरमॅन होते. पाच सॅटिनचे, एक चादरीचा. स्पंजाचे दंड दोघांचे घसरलेले. आमच्याला परीक्षकांनी विचारलं, "तू कुठून आलास?" पाठ करून घेतलेलं उत्तर होतं क्रिप्टॉन. तो म्हणाला, "अशोक चौक." सभागृहात एवढा हशा झाला की त्याला वाटलं आपण जिंकलो. नंबर एका भाजीच्या टोपलीला मिळाला. ती हिरो कशी, हे मी अजून विचारते आहे. घरी येताना गाडीवर त्यानं केप पिशवीत ठेवायला नकार दिला, वहिनीनं ओढला, आणि वेल्क्रो चर्रकन सुटला. त्या एका आवाजावर माझी दोन रात्रींची झोप वसूल झाली.

केप नंतर आठवडाभर खुंटीला होता. एके दिवशी सकाळी बघते तर खुंटी रिकामी. आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती, स्वेटरवर केप. वेल्क्रो लावायला खांद्याशी काही नव्हतं, म्हणून तिनं सेफ्टी पिना मारल्या होत्या.

"शालीसारखा घसरत न्हाई हे," ती म्हणाली. "हात मोकळे राहतात. आन्‌ लांबीला जरा वाढव, गुडघे गार पडतात."

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला ती तोच घालून गेली. आता शेजारच्या काकूंनी हिरव्या रंगात एक सांगितलाय, आणि वरच्या मजल्यावरच्या आज्जींनी मापं पाठवली आहेत. मोठ्या माणसासाठी शिवत असाल तर लांबी अडतीस इंच घ्या, वेल्क्रो स्वेटरच्या खांद्यावर शिवा, आणि आतून एक खिसा ठेवा. चष्म्याला लागतो.