लीग टूच्या क्लबचा सीझन वहीत कसा मांडायचा

7 मे 2022. इंग्लिश फुटबॉलची चौथी पायरी असलेल्या लीग टूचा शेवटचा दिवस. संध्याकाळी ब्रिस्टल रोव्हर्स आणि नॉर्थॅम्प्टन टाउन या दोघांचेही 80 गुण झाले आणि दोघांचा गोलफरकही +22. थेट बढतीची तिसरी जागा रोव्हर्सना मिळाली, कारण सीझनभरात त्यांचे गोल 71 होते आणि नॉर्थॅम्प्टनचे 60. सकाळी रोव्हर्स गोलफरकात पाचने मागे होते. नॉर्थॅम्प्टनने बॅरोच्या मैदानावर 3-1 असं जिंकून आपलं काम केलं होतं. रोव्हर्सनी मात्र आधीच खाली गेलेल्या स्कन्थॉर्पला 7-0 असं धुतलं. 6-0 असतानाही ते चौथेच होते. 85व्या मिनिटाचा सातवा गोल झाला आणि मग लोक मैदानात उतरले.

म्हणून वहीत पहिला नियम: गुण आणि गोलफरक यांच्या शेजारी 'केलेले गोल' असा तिसरा रकाना हवाच. बरोबरी सुटते ती याच क्रमाने.

वहीचं पहिलं पान सीझन सुरू होण्याआधी भरून टाका. वेळापत्रक जूनमध्ये येतं, खेळ ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होतो आणि मेच्या सुरुवातीला संपतो. 24 क्लब, 46 सामने, त्यातले 23 घरी, 23 बाहेर. लीग टूमधून पहिले तीन थेट वर जातात. चौथा ते सातवा प्लेऑफ खेळतात, त्यातून एकच जातो. खाली नॅशनल लीगमध्ये 2002-03 पासून दोन क्लब जातात. एक पायरी वरच्या लीग वनचं गणित वेगळं: वर थेट दोन, प्लेऑफ तिसऱ्या ते सहाव्याला आणि खाली चार. क्लब बढतीनंतर लीग वनमध्ये आला की लोक बढती-घसरणीच्या जुन्याच रेघा मारत बसतात आणि एकविसावा क्रमांक सुरक्षित समजतात. तिथे तो घसरणीचा असतो.

आता सामन्याची ओळ. नमुन्यादाखल एक:

सामना 14 | मंगळवार | बाहेर | मध्यंतर 1-0 | अखेर 1-2 | गोल 31 | खाल्ले 78, 90+3 | पिवळी 2 | लोनवरचे (दुसऱ्या क्लबाकडून उसने आलेले) 4 | एकूण गुण 24

मध्यंतराचा स्कोअर बहुतेक जण सोडतात. तो सोडू नका. आघाडी घेऊन हरलेले सामने एका नजरेत दिसतात ते त्याच रकान्यात, आणि खाल्लेले गोल 75व्या मिनिटानंतर साचायला लागले तर प्रश्न बचावफळीचा कमी, दमाचा आणि बदली खेळाडूंचा जास्त असतो. गोल कुणाच्या नावावर लिहायचा ते त्याच रात्री शाईने लिहू नका. स्वयंगोलाची नोंद नंतर बदलते. प्रेक्षकसंख्या लिहायची तर बाहेरच्या पाठीराख्यांचा आकडा वेगळा लिहा, आणि जाहीर झालेल्या एकूण आकड्यावर फार विसंबू नका, कारण सीझन तिकीट घेऊन घरी बसलेलेही अनेकदा त्यात मोजलेले असतात. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे. त्यामुळे तीन वाजताच्या सामन्यांसाठी तिथला माणूस स्थानिक रेडिओ आणि स्थानिक वर्तमानपत्राच्या वृत्तांतावरच वही भरतो. वृत्तांत वाचताना आधी संघ कुठल्या रचनेत उतरला ते शोधा, विशेषणं नंतर.

खरी मजा पुढच्या हिशोबात आहे. सामन्यागणिक सरासरी काढून 46 ने गुणणं सोपं, पण फसवं. वरच्या ओळीतला क्लब बघा: 14 सामन्यांत 24 गुण, म्हणजे सरासरी 1.71, सीझनअखेर 79. वाटतं, बढती आलीच. पण त्या 14 पैकी 9 सामने घरी झाले असतील तर? म्हणून जोडीने मोजा: एक घरचा सामना आणि एक बाहेरचा मिळून एक जोडी, अशा 23 जोड्या. जोडीमागे 4 गुण (घरी विजय, बाहेर बरोबरी) म्हणजे 92, हा अव्वल येणाऱ्याचा वेग. जोडीमागे 3 म्हणजे 69, प्लेऑफच्या उंबरठ्यावर. जोडीमागे 2 म्हणजे 46. लीग टूमध्ये एवढ्यावर जीव वाचू शकतो, लीग वनमध्ये याच आकड्यावर झोप उडते.

तीनच्या वेगाला घरी 2 आणि बाहेर 1 असा भाव धरा. 9 घरचे म्हणजे 18, 5 बाहेरचे म्हणजे 5, एकूण 23. आपल्याकडे 24 आहेत. म्हणजे क्लब प्लेऑफच्या वेगापेक्षा एकच गुण पुढे आहे. चारच्या वेगाला 27 आणि 5 मिळून 32 हवे होते. तिथे आपण आठने मागे. दर सामन्यानंतर ओळीच्या शेवटी +1, -2 असा हा फरक लिहीत गेलात की तक्ता बघायची गरजच उरत नाही. ऑक्टोबरआधी मात्र त्याला फार किंमत देऊ नका.

हातातल्या, म्हणजे इतरांपेक्षा कमी खेळल्यामुळे बाकी असलेल्या सामन्यांबद्दल सावध राहा. समजा, वरच्या क्लबाचे 27 सामन्यांत 40 गुण आणि आपले 25 मध्ये 37. पाठीराखे लगेच 37 मध्ये सहा मिळवून 43 करतात. आपल्या क्लबाचा वेग 1.48 आहे, तर दोन सामन्यांचे साधारण तीनच धरा. झाले 40. म्हणजे बरोबरी, आघाडी नाही. त्यात हे राहिलेले सामने येतात ते मंगळवारी रात्री, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, शनिवार-मंगळवार-शनिवार अशा रांगेत. संघ लहान असेल तर तिथेच पाय जड होतात.

सामने मागे का पडतात याचं कारण प्रत्येक वेळी लिहून ठेवा. गोठलेलं किंवा पाण्याने भरलेलं मैदान हे नेहमीचं. एफए कपमध्ये (बाद फेऱ्यांची वेगळी स्पर्धा) पुढे गेलं की त्या शनिवारचा लीग सामना सरकतो. तिसरं कारण आंतरराष्ट्रीय सामने: लीग वनच्या वरची चॅम्पियनशिप तेव्हा थांबते, लीग वन आणि टू थांबत नाहीत, पण क्लबाचे तीन किंवा अधिक खेळाडू देशाकडून बोलावले गेले तर सामना पुढे ढकलून मागता येतो. अर्ध्यावर सोडून दिलेला सामना बहुधा पहिल्यापासून खेळवतात, म्हणून लीगचा निर्णय येईपर्यंत ती ओळ पेन्सिलीतच राहू द्या.

लोनवरच्या खेळाडूंसाठी वेगळं पान ठेवा. नाव, मूळ क्लब, लोन कधी संपतं आणि जानेवारीत परत बोलवायची अट आहे का, एवढे चार रकाने पुरतात. सर्वांत जास्त गोल करणारा पोरगा वरच्या डिव्हिजनच्या क्लबाचा असेल आणि ती अट असेल, तर नोव्हेंबरमधला आपला क्रमांक थोडा उधारीचाच समजा. उलटही घडतं. रोव्हर्सचा तो सातवा गोल करणारा एलियट अँडरसन त्याच जानेवारीत न्यूकॅसलहून लोनवर आला होता. खेळाडूंच्या बदल्यांची खिडकी बंद झाल्यावरही करार नसलेला खेळाडू काही काळ घेता येतो, आणि तंदुरुस्त व्यावसायिक गोलकीपरच उरला नाही तर सात दिवसांचं तातडीचं लोन मिळतं. बेंचवर अचानक अनोळखी नाव दिसलं तर ते बहुधा असंच आलेलं असतं.

पिवळ्या कार्डांचा नियम असा: क्लबाच्या पहिल्या 19 लीग सामन्यांत पाच झाली तर एका सामन्याची बंदी, 37 पर्यंत दहा झाली तर दोन. कपातली कार्डं यात धरू नका. घोळ होतो तो इथेच. नोव्हेंबरमध्ये चार कार्डांवर बसलेला मिडफिल्डर शोधून ठेवा. विसाव्या सामन्याला तो मोकळा टॅकल करायला लागतो.

कपांची पानं वहीच्या मागच्या बाजूने सुरू करा. एफए कपात लीग वन आणि टूचे क्लब नोव्हेंबरच्या सुमाराला पहिल्या फेरीत येतात, वरच्या दोन डिव्हिजनचे जानेवारीत तिसऱ्या फेरीत. 2024-25 पासून मुख्य फेऱ्यांत रिप्ले नाहीत. जादा वेळ, मग पेनल्टी, त्याच दिवशी निकाल. मोठ्या क्लबाशी बरोबरी साधून दुसऱ्यांदा गेटचा पैसा मिळवायची लहान क्लबांची सोय गेली, आणि तिचा राग खालच्या डिव्हिजनमध्ये अजून आहे, रास्तच आहे. ईएफएल ट्रॉफी हा लीग वन आणि टूच्या क्लबांचा वेगळा कप. तिच्या गटात चार संघ असतात, त्यातला एक मोठ्या क्लबाचा 21 वर्षांखालचा. बरोबरी झाली की पेनल्टी, जिंकणाऱ्याला दोन गुण, हरणाऱ्याला एक. हे गुण आणि हे गोल लीगच्या पानावर आणू नका.

गुणकपातीसाठी दोन बेरजा ठेवा: मैदानावर मिळवलेले आणि हाती उरलेले. क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला की 12 गुण जातात. ल्यूटन टाउनने 2008-09 चा सीझन उणे 30 वर सुरू केला, आणि मैदानावर 56 गुण कमावूनही तो 26 वर थांबला आणि खाली गेला. इतर क्लबांच्या कपातीही टिपा, कारण त्यामुळे रेघा हलतात. 27 ऑगस्ट 2019 ला बरी या क्लबाला लीगमधून काढलं, तेव्हा लीग वनमध्ये 23 क्लब उरले आणि खाली चारऐवजी तीनच गेले. त्याच सीझनमध्ये लीग टूच्या तळाला स्टीव्हनेज होता, पण मॅकल्सफील्डचे गुण कापले गेले आणि ऑगस्ट 2020 मध्ये खाली गेला तो मॅकल्सफील्ड. शेवटचं पान म्हणून मेमध्ये मिटवू नका.

त्यात एक नोंद तशीही बाकी असते. सीझन संपल्यावर क्लब कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं, कुणाशी बोलणी चालू आहेत याची यादी जाहीर करतो. बहुतेक करार 30 जूनला संपतात. ती यादी लोनच्या पानाशेजारी उतरवा आणि पहिल्या अकरांतले किती उरले ते मोजा. पाच किंवा कमी उरले असतील तर यंदाचे आकडे पुढच्या सीझनच्या अंदाजासाठी फारसे कामाचे नाहीत. नवी वही घ्या.