कवकतंतूमधला प्रवाह आणि त्याचे अडणे सूक्ष्मदर्शकाखाली कसे पाहावे

न्यूरोस्पोरा क्रासा या नारिंगी बुरशीचा तंतू आडपडद्यांनी कप्प्यांत विभागलेला दिसतो. परंतु प्रत्येक पडद्याच्या मध्यभागी छिद्र असते आणि त्यातून पेशीद्रव, तंतुकणिका, इतकेच नव्हे तर केंद्रकेही आकसून पलीकडे जातात. हे छिद्र एरवी उघडे असते आणि इजा झाली की बंद होते, म्हणून निरीक्षणातही आधी प्रवाह आणि मगच इजा, हाच क्रम ठेवावा.

पाचट जाळलेल्या उसाच्या फडातही न्यूरोस्पोरा उगवते. तरीही येथे संवर्धन-संग्रहातील ओळख पटलेला वाणच घ्यावा. निर्जंतुक काचपट्टीवर साखर व क्षार असलेल्या अगारचा (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या, जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थाचा) पातळ थर ओतून एका कडेला तंतूंचा लहानसा तुकडा ठेवावा आणि पट्टी झाकलेल्या ओलसर डबीत रात्रभर ठेवावी. वाढ अतिशय वेगाने होते. नारिंगी बीजाणू धरण्यापूर्वीच काम उरकावे, कारण ते एकदा हवेत पसरले की प्रयोगशाळेतील इतर संवर्धनेही दूषित होतात.

४०० पट वर्धनाखाली वाढत्या कडेच्या थोडे मागे पाहावे. डायाफ्राम (सूक्ष्मदर्शकातील प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) किंचित मिटवला की पडदे उठून दिसतात. एकाच पडद्यावर नजर स्थिर ठेवल्यास कण छिद्रापाशी गोळा होतात, अरुंद जागेतून झटक्यात निसटतात आणि पुढच्या कप्प्यात पुन्हा पांगतात, हे स्पष्ट दिसते. हा प्रवाह मुख्यतः तंतूच्या आतील दाबाच्या फरकावर चालतो. म्हणूनच मागील भागावर साखरेच्या तीव्र द्रावणाचा थेंब सोडल्यास तेथील पाणी बाहेर पडून दाब घटतो आणि प्रवाह मंदावतो किंवा उलट फिरतो.

आता नव्या ब्लेडने काही तंतू छेदावेत आणि लगेच छेदाच्या शेजारचा पडदा पाहावा. कापलेल्या कप्प्यातील द्रव्य बाहेर सांडते. मात्र काही क्षणांत पडद्याच्या छिद्रात एक चकाकता, घट्ट कण अडकतो आणि पलीकडचा कप्पा वाचतो. हाच वोरोनिन पिंड. रशियन कवकशास्त्रज्ञ मिखाईल वोरोनिन यांनी १८६४ मध्ये त्याचे वर्णन केले. तो पेरॉक्सिसोम या पेशीतील सूक्ष्म पिशवीसारख्या अंगकापासून बनतो आणि त्याचा गाभा हेक्स-१ या प्रथिनाच्या स्फटिकाचा असतो. न्यूरोस्पोरात हे पिंड कप्प्याच्या कडेला बांधलेले असतात, तर ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीत ते छिद्राजवळच असतात. हेक्स-१ जनुक नसलेला वाण मिळाल्यास तोही अशाच प्रकारे कापून पाहावा. त्यातील गळती लवकर थांबत नाही, आणि पिंडाचे कार्य या तुलनेतून जितके पटते तितके आकृतीतून पटत नाही.

तुलनेसाठी म्यूकर ही बुरशी घेऊ नये, कारण तिच्या तंतूंत पडदे क्वचितच असतात. काम संपल्यावर पट्ट्या व ब्लेड ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेच्या निर्जंतुकी यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करूनच टाकावेत.