शेडचं लाइट बिल: शुक्रवारच्या सकाळपासून सुरुवात करा

भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी, म्हणजे इतरांची सोमवार सकाळ ती आमची शुक्रवार सकाळ. धातू कापणारी संगणकी मशिनं, म्हणजे दोन व्हीएमसी आणि तीन सीएनसी लेथ, हवा दाबून भरणारा एक स्क्रू कॉम्प्रेसर आणि टेम्परिंगची, म्हणजे भाग तापवून चिवट करायची, छोटी भट्टी, एवढाच आमचा पसारा. मशिनं दीर बघतात, हिशेब माझ्याकडे. कित्येक वर्षं लाइट बिल आलं की मी खालचा आकडा बघून चेक लिहायचे. मग एका महिन्यात काम कमी आणि बिल जास्त, असं झालं. तेव्हा कुठे मी ते नीट वाचलं.

तुम्हीही आधी करार मागणी, म्हणजे वीज कंपनीशी ठरवलेला जास्तीत जास्त भार, आणि नोंदलेली कमाल मागणी, ज्याला वायरमन एमडी म्हणतो, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. आमचे होते ६५ आणि ७१ केव्हीए (भार मोजायचं एकक). मीटर ठरावीक मिनिटांचा सरासरी भार मोजत राहतो आणि महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. करारापेक्षा जेवढे केव्हीए वर गेले, तेवढ्यांवर नेहमीच्या मागणी आकाराखेरीज दीडपट आकार वेगळा लागतो. म्हणजे एका सकाळची घाई महिनाभराच्या बिलात बसते.

भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, मोटार सुरू होताना झटका बसायचाच.’ पण तो झटका काही सेकंदांचा, सरासरीत विरून जातो. मी वेगळं केलं. रोज संध्याकाळी मीटरचा डिस्प्ले फिरताना एमडीचा आकडा वहीत उतरवू लागले. हा आकडा महिन्यात फक्त चढतो, उतरत नाही, त्यामुळे कुठल्या दिवशी उडी मारली ते लगेच दिसतं. बुधवारी संध्याकाळी ५८, शुक्रवारी संध्याकाळी ६९. चोर सापडला. सुट्टीनंतर कॉम्प्रेसरची टाकी रिकामी, भट्टी थंडगार, आणि हेल्पर आठच्या ठोक्याला सगळे स्विच वर करायचा. थंड भट्टी तापेपर्यंत पूर्ण भार खाते. एकदा तापली की थर्मोस्टॅट तिला मधूनमधून विश्रांती देतो.

उपाय फुकटचा होता. पॅनेलवर खडूने लिहिलं: कॉम्प्रेसर पावणेआठ, मशिनं आठ, भट्टी दहा. एका सल्लागाराने करार मागणी ८० करून घ्या म्हटलं होतं. ते आम्ही केलं नाही, कारण वापर कमी झाला तरी करार मागणीच्या काही हिश्श्यावर मागणी आकार भरावाच लागतो. आधी शिस्त लावून बघा, मगच अर्ज करा.

भट्टीला दहाच का, त्याला आणखी एक कारण आहे. बिलावर दिवसाच्या वेळेनुसार युनिटांचे वेगळे रकाने असतात. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा स्वस्त, म्हणून लोक भट्ट्या रात्री लावायचे. महावितरणच्या २०२५ च्या दरपत्रकाने सवलत उन्हाच्या वेळेत आणली, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आणि पाचनंतर मध्यरात्रीपर्यंत अधिभार. रात्रपाळीची जुनी सवय तशीच चालवणाऱ्यांनी आपल्या ताज्या बिलातले रकाने एकदा वाचावेत. छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर हिशेब यावरच मांडा: पॅनेल वीज देतं दुपारी, महाग वीज लागते संध्याकाळी. विकायला येणारा माणूस हे स्वतःहून सांगत नाही.

आता कपॅसिटर. २० किलोवॅटच्या वरच्या आमच्यासारख्या कनेक्शनला युनिट केव्हीएएचमध्ये मोजतात, म्हणजे मोटारी नुसतीच खेचतात ती वीजही धरून. घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागलेला हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर, आणि तो एकच्या जवळ ठेवायचं काम कपॅसिटरचं. मशिनांनी ९,००० युनिटांचं काम केलं आणि पॉवर फॅक्टर ०.९० असेल, तर मीटर १०,००० धरतो. म्हणून वायरमनला सांगून वर्षातून दोनदा प्रत्येक कपॅसिटरचा करंट क्लॅम्प मीटरने बघून घ्या; फुगलेला किंवा मेलेला बदला. उलट चूकही होते, आम्ही केली होती. भीतीपोटी जादा कपॅसिटर कायमचे जोडून ठेवले. गुरुवारी शेड बंद, कपॅसिटर चालू, पॉवर फॅक्टर लीडिंग, म्हणजे उलट्या बाजूला घसरलेला, आणि तेही मोजलं जातं. भार बघून आपोआप आत-बाहेर होणारं पॅनेल बसवलं तेव्हा थांबलं.

कॉम्प्रेसरची परीक्षा बुधवारी संध्याकाळी घ्या. टाकी भरा, मशिनं आणि कॉम्प्रेसर बंद करा, गेजवरचा दाबाचा आकडा लिहा, अर्ध्या तासाने परत बघा; उतरला तर गळती आहे. शांत शेडमध्ये गळती ऐकूही येते. साबणाचा फेस लावला की दिसते. आमच्याकडे सगळ्यात जास्त हवा धातूचा कीस उडवायच्या गनच्या नळीतून जात होती. शिवाय सात बार दाबाऐवजी सहावर काम भागत असेल तर कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते.

शेडचा पुढचा भाग भाड्याने देणार असाल तर त्याचं वेगळं व्यापारी मीटर घ्या. वीज शुल्कच औद्योगिकला ७.५ टक्के आणि व्यापारीला २१. औद्योगिक मीटरवर दुकान चालवलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. आमच्या गल्लीत एकाने गोडाऊनवाल्याला जागा दिली होती. मिळालेलं भाडं त्यातच गेलं.

आणि बिल सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते, कर आणि शुल्क वगळून. ती आमची सलग दोन महिने बुडाली. बिलाच्या एसएमएससाठी नोंदवलेला नंबर जुन्या सुपरवायझरचा होता, तो चाकणला दुसरीकडे लागलेला. आमचं बिल दर महिन्याला त्याच्या फोनवर वेळेवर पोचत होतं.