हिस्टोग्राम काढताय? आकार झाकणाऱ्या या चुका टाळा

ओपीडीत थांबण्याचा सरासरी वेळ 40 मिनिटं, असं अहवालात आलं की बैठक पुढच्या विषयाकडे वळते. त्या चाळिसात दहा मिनिटांत आत गेलेला रुग्ण असतो आणि दोन तास बाकड्यावर ताटकळलेली आजीही. हा फरक हिस्टोग्राम दाखवतो, म्हणजे आकड्यांचे सलग गट पाडून प्रत्येक गटात किती नोंदी आहेत ते खांबाच्या उंचीतून सांगणारा आलेख. फक्त आपण हा फरक झाकून ठेवता कामा नये.

सगळ्यात महागात पडते ती सरमिसळ. लॅबच्या रिपोर्टला लागणारा वेळ घ्या. कॅज्युअल्टीतून आलेले तातडीचे नमुने आणि वॉर्डातले सकाळचे नमुने एकाच आलेखात कोंबले की दोन शेंडे दिसू शकतात. सरासरी पडते मधल्या खळग्यात, जिथे फारसे नमुनेच नसतात. असे दोन शेंडे दिसले तर विभाग, पाळी आणि तपासणीचा प्रकार वेगळा करून आलेख पुन्हा काढा.

एक्सेलनं दिलेली गटांची रुंदी डोळे झाकून घेऊ नका. 100 नोंदींना साधारण 10 गट ही बरी सुरुवात. मग रुंदी कमी-जास्त करून पाहा. दोन महिन्यांची तुलना करायची असेल, तर रुंदी आणि अक्ष दोन्हीकडे सारखेच हवेत.

आता माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: एकाच आकड्यावर उभा राहिलेला उंच खांब. 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ ‘कमी वजनाचं’ धरतात. बरोबर 2500 वर नोंदींचा ढीग दिसला आणि त्याच्या अलीकडे खड्डा, तर 2480 चं बाळ 2500 लिहिलं गेलं असण्याची शंका घ्यायलाच हवी. त्या बाळाकडे जे जास्तीचं लक्ष जायला हवं होतं, ते जात नाही. रक्तदाबही 120, 130, 140 वरच साचत असेल, तर मोजणारा शेवटचा आकडा गोल करतोय. गट रुंद ठेवले की हे सगळं पोटात जातं. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागांना रुग्णाला चार तासांत दाखल करण्याचं, दुसरीकडे हलवण्याचं किंवा घरी सोडण्याचं उद्दिष्ट दिल्यावर चार तास भरायच्या अगदी आधीच्या मिनिटांत रुग्ण हलवल्याचा उंच शेंडा दिसू लागला. हा शेंडा सरासरीत दिसला नसता.

टोकाच्या नोंदी थेट उडवू नका. एखादी नोंद 12 तासांनी जास्त वाटली, तर सकाळ-संध्याकाळची गल्लत असू शकते; केसपेपर काढून बघा. गल्लत नसेल, तर तो रुग्ण खरोखरच तेवढा वेळ थांबला आहे आणि त्याची नोंद आलेखात राहिलीच पाहिजे.

शेवटचं: हिस्टोग्रामला तारीख कळत नाही. महिनाभर सुधारत गेलेला वेळ आणि महिनाभर बिघडत गेलेला वेळ, दोन्हींचा आकार अगदी सारखा येऊ शकतो. म्हणून शेजारी दिवसवार रेषालेख ठेवा आणि आलेखाखाली नोंदींची संख्या व कालावधी लिहा.