नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याआधी शेडची फ्रेम तपासा

दुकानापुढच्या शेडचं कापड फाटलं की आपण कापड बदलतो. फ्रेमकडे कोणी बघत नाही. वादळात मोडते मात्र तीच.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, उन्हातला लोखंडी पाईप तर हात लावू देत नाही. पहाटेपेक्षा तो दुपारी 40 अंशांनी जास्त तापला, तर 3 मीटर लांबीत जवळपास दीड मिलिमीटर वाढ होते. ॲल्युमिनियममध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास. रोजच्या या ओढाताणीने नट ढिले पडतात. महिन्यातून एकदा पाना फिरवा, स्प्रिंग वॉशर घाला.

खरं दुखणं वेल्डिंगच्या जोडावर. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपवरचा जस्ताचा थर तिथे जळून गेलेला असतो, गंज तिथूनच धरतो. रंग फुगलेला दिसला की पेचकसाने टोचून बघा. टोक आत घुसलं तर वरून रंग फासून काही होत नाही, तेवढा तुकडा कापून नवा जोडा. गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने खरवडा, थिनरने पुसा, झिंक प्रायमर लावा, मग ऑइल पेंट. हे काम सकाळीच उरका. मी एकदा भर दुपारी ब्रश चालवला. तापलेल्या पाईपवर रंगाला पापडासारखे फोड आले.

पाईपची उघडी तोंडं प्लॅस्टिकच्या टोपणाने बंद करा. सर्वांत खालच्या जागी एक बारीक भोक ठेवा, आत शिरलेलं पावसाचं पाणी तिथून निघून जातं.