सनस्क्रीननेच चेहरा चुरचुरायचा तेव्हा

नागपूरच्या एप्रिलात स्कूटरवरून ऑफिसला जायचं म्हणजे सनस्क्रीन हवंच. पण लावलं की पाचच मिनिटांत डोळ्यांखाली चुरचुर, गालांवर लाल चट्टे. ट्यूब बदलली, तरी तेच. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबमागची बारीक अक्षरं वाचायला लावली: दोन्हींत ऑक्सिबेन्झोन (ऊन शोषणारं एक रसायन) आणि सुगंध, काहींच्या त्वचेला न सोसणारे. मग झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं घेतलं. आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा लावून पाहिलं. काही उठलं नाही तेव्हाच चेहऱ्याला. पांढरट थर दिसतो खरा, माझ्या सावळ्या रंगावर जास्तच. थोडं थोडं थापून लावलं की कमी होतो. एसपीएफ (ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा) ३० असलेलं नीट लावलं तर यूव्हीबीचे, म्हणजे त्वचा भाजणारे, सुमारे ९७ टक्के किरण अडतात, म्हणून मोठ्या आकड्यामागे धावले नाही. बाहेर असले की दर २ तासांनी पुन्हा लावते, वर सुती ओढणी असतेच.