बेटावरचं ‘हटके’ हॉटेल निवडताना या चुका टाळा

“मावशी, बेटावर जातोय, एखादं हटके हॉटेल सुचव ना. पटकन.”

असा मेसेज मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. पाठवणारे बदलतात, ‘पटकन’ काही बदलत नाही. मी विचारते, कुठल्या महिन्यात जाताय? विमान किती वाजता उतरतं? बरोबर कोण आहे? उत्तरादाखल एक रील येतं. त्यात निळंशार पाणी, पाण्यावर तरंगणारा नाश्त्याचा ट्रे आणि पाठमोरी बसलेली टोपीवाली बाई. खाली लिहिलेलं असतं, ‘असं काहीतरी.’

हटके हॉटेलांशी माझं वैर नाही. त्या वेडापायी मी बरेच पैसे घालवलेत. पण शहरात हॉटेल फसलं तर बॅग उचलून पलीकडच्या गल्लीत जाता येतं. बेटावर पलीकडे जायचं तर बोट लागते, आणि ती बहुधा उद्या सकाळी असते. त्यामुळे बेटावर आधी नकाशा बघायचा आणि मग फोटो. लोक नेमकं उलट करतात आणि तिथे पोचल्यावर मला फोन करतात.

फोटोतला समुद्र तिथेच असेल असं धरून चालणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाचा पूर्व किनारा. झावळ्यांनी शाकारलेल्या मोजून दहा-बारा खोल्या, हाताने कोरलेले पलंग, आणि फोटोत अंगणाच्या पायरीला टेकलेलं हिरवं-निळं पाणी. मी, नवरा आणि माझी मोठी नणंद असे तिघं होतो. हॉटेल मी शोधलं होतं, त्यामुळे आठवडाभर आधीपासून मीच मिरवत होते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पोचलो. ताई चपला काढून थेट अंगणाच्या टोकाला गेल्या, कपाळावर हात धरून लांबवर बघितलं आणि म्हणाल्या, “समुद्र कुठाय गं?”

समुद्र गेला होता. म्हणजे दूर क्षितिजापाशी खडकांवर फुटणाऱ्या लाटांची एक पांढरी रेघ दिसत होती, आणि ती रेघ ते आमची पायरी एवढ्या सगळ्या पट्ट्यात ओली वाळू, डबकी आणि समुद्रशेवाळाची शेती. बायका वाकून खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांवरचं शेवाळ काढत होत्या. आम्ही पोहण्याचे कपडे घालून उभे होतो आणि त्या आमच्याकडे बघून हसत होत्या. हसण्यासारखंच होतं ते.

झांझिबारच्या त्या बाजूला पाणी उथळ आहे आणि भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत तीन-चार मीटरपर्यंत जातो. त्यामुळे ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे सरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास तिथली ओहोटी ऐन सकाळी दहा-अकराला येते आणि रोज पाऊणएक तास पुढे सरकते. म्हणजे आमच्या पाचही दिवसांच्या दुपारी समुद्राविना गेल्या. पहाटे अंधारात भरती, संध्याकाळी अंधार पडता पडता भरती. तिसऱ्या दिवशी ताई कंटाळून चालतच पाण्यापर्यंत निघाल्या आणि सी-अर्चिनचे काळे काटे तळपायात घेऊन परत आल्या. शेवटच्या दिवशी भरतीची वेळ झकास होती, सकाळी आठ. आमची गाडी नऊची होती.

हॉटेलवाल्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. फोटो भरतीच्या वेळी काढला होता, एवढंच. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला, नुंगवी आणि केंडवाकडे, ओहोटीतही पोहता येतं. हे मला पाच मिनिटांत कळलं असतं, पण मी ती पाच मिनिटं पलंगाच्या कोरीवकामाचे फोटो मोठे करून बघण्यात घालवली.

आता माझी सवय अशी आहे. हॉटेलच्या नावाआधी उपग्रहाचा नकाशा उघडायचा. किनारा आणि लाटांची पांढरी रेघ यांच्यामध्ये रुंद, फिकट, डागाळलेला पट्टा दिसला की समजायचं, इथे ओहोटीला चालावं लागणार. मग तारखा आणि तिथी जुळवून बघायच्या, उधाण आहे की भांग, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेले दिवस. त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक फुकट मिळतं. अंदमानातल्या स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, हाच प्रकार आहे. पूर्वेकडच्या विजयनगरला ओहोटीत खडक आणि प्रवाळ उघडे पडतात, पोहायला पश्चिमेचा राधानगर किनारा बरा. बहुतेक रिसॉर्ट पूर्वेला आहेत. त्यात वाईट काही नाही, माहीत असलं म्हणजे झालं. आणि अंदमानात डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. सहाच्या बोटीतून उतरून ‘सनसेट व्ह्यू’ खोलीची किल्ली घेणारे लोक मी बघितलेत.

पोचायचं कसं, हे बुकिंग झाल्यावर बघणं

माझा भाचा. लग्न डिसेंबरात, मालदीव ठरलेलं. पाण्यावरचा व्हिला त्याने स्वतः शोधला, मला नुसता कौतुकासाठी पाठवला. मी म्हटलं, “विमान कितीला उतरतं?” म्हणाला, “संध्याकाळी पावणेसात. पण त्याचं काय?”

त्याचं असं, की मालदीवची सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त उजेडात उडतात. आंतरराष्ट्रीय विमानतळ मालेच्या शेजारी हुलहुले बेटावर आहे. जवळच्या रिसॉर्टना स्पीडबोट जाते, ती अंधारातही चालते. लांबच्या बेटावर मात्र सीप्लेन, किंवा आधी देशांतर्गत विमान आणि मग बोट. दुपार कलल्यावर उतरलात तर त्या दिवसाचं सीप्लेन गेलं असं धरून चाला. ही जोडी पहिली रात्र विमानतळाजवळच्या एका साध्या हॉटेलात झोपली, आणि लांबवर रिकाम्या व्हिलाचं भाडं चालूच राहिलं. परतीचं विमान सकाळी लवकर, म्हणजे आदल्या दिवशी दुपारीच बेट सोडावं लागलं. सहा रात्रींचे पैसे, चार रात्री मुक्काम. सीप्लेनमध्ये सामान साधारण वीस किलो आणि हातात पाच, ही आणखी एक मजा. नवरीच्या बॅगा तीन होत्या.

बरं, सीप्लेनचं तिकीट खोलीच्या भाड्यात नसतं आणि ते खिशाला चांगलंच लागतं. शिवाय तिथले बरेच दर ‘प्लस प्लस’ असतात, म्हणजे सेवाशुल्क आणि कर वरून. खोली स्वस्त वाटली म्हणून नाचू नका. बेटावर पाय टेकेपर्यंतचा पूर्ण आकडा लिहून मागा.

मी उलटा क्रम लावते. आधी विमानाची वेळ, मग त्या वेळेत कुठली बेटं हाताशी येतात ते, आणि त्यातलं हॉटेल. पहिली रात्र मुख्य गावातच काढायची असेल तर ती तशीच ठरवून काढायची, चुकून नाही. “पण आम्हाला पहिल्या रात्रीपासूनच तेच पाहिजे,” असं म्हणणाऱ्यांना मी आता समजवायला जात नाही.

‘गुहेतली खोली’ म्हणजे काय, हे न विचारणं

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचं हे खास दुखणं. ज्वालामुखीच्या उद्रेकाने खचलेल्या विवराच्या कड्यावर ‘फिरा’, ‘इमेरोविगली’, ‘इया’ ही गावं टांगल्यासारखी बसली आहेत, समुद्रापासून बरीच वर. तिथल्या मऊ ज्वालामुखी थरात कोरलेली जुनी घरं आता खोल्या म्हणून मिळतात. कल्पना सुरेख आहे, उन्हाळ्यात आत गारवाही छान राहतो. पण गुहेला मागची खिडकी नसते. आत उजेड कमी, कधी ओल, छत कमानीचं, आणि उंच माणसाचं डोकं त्या कमानीला पहिल्याच संध्याकाळी भेटतं. तुमच्या खासगी गच्चीच्या डोक्यावरून गावाची पायवाट जात असते, त्यामुळे तुम्ही दुसऱ्यांच्या फोटोत येता.

आणि पायऱ्या. कड्यावरचं हॉटेल म्हणजे पायऱ्या, लिफ्ट विसरा. स्वागतकक्ष वर, खोली पन्नास, कधी शंभर पायऱ्या खाली. सामान हमाल नेतो, गुडघे तुम्हालाच न्यावे लागतात. ‘थोड्या पायऱ्या आहेत’ या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही, आकडा मागते. शिवाय कड्यावर किनारा नाही. पोहायचं तर बेटाच्या दुसऱ्या अंगाला, कामारी किंवा पेरिसाच्या काळ्या वाळूवर. लहान मुलं बरोबर असतील तर तिकडेच रहा आणि सूर्यास्ताला वर या. मुलांना विवराच्या देखाव्याचं काय पडलंय!

बाकीच्या, थोडक्यात

पावसाची बाजू न बघणं. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य किनारा खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली आणि अरुगम बे छान असतात. डिसेंबर ते मार्च उलटं. बेट एक असलं तरी ऋतू एक नसतो.

वारा विसरणं. मॉरिशसला जून ते सप्टेंबर पूर्वेचा किनारा वाऱ्याने हैराण करतो, पश्चिम बरीच शांत.

स्थानिक दिनदर्शिका न बघणं. बालीत न्येपीच्या, म्हणजे तिथल्या हिंदू नववर्षाच्या मौनाच्या दिवशी विमानतळासकट सगळं बेट बंद असतं आणि हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही. शांतता हवी असेल तर मुद्दाम त्या दिवशी जा.

पाच दिवसांत चार हॉटेलं. करू नका.

काचेच्या भिंतीचं न्हाणीघर. कोणाबरोबर जाताय ते आठवून मगच.

रेटिंग लावून वरचं पहिलं हॉटेल उचलणं. पाच तारे देणारे प्रेमात असतात, एक देणारे रागात. मी तीनवाल्यांचं वाचते. तेही आपण जाणार त्याच महिन्यातलं, आणि त्यांनी स्वतः काढलेले वाकडेतिकडे फोटो बघते. जनरेटर, डास, पायऱ्या, बांधकाम हे शब्द शोधते. याला अर्धा तास लागतो. तेवढाही वेळ नाही म्हणणारी मंडळी रील मात्र दोन तास बघतात.

‘हटके’ या शब्दालाच भुलणं

‘बुटीक’, ‘हेरिटेज’, ‘इको’ हे शब्द कोणीही पाटीवर लिहू शकतं. माझी परीक्षा वेगळी आहे. हीच इमारत उचलून दुसऱ्या बेटावर ठेवली तर काही बिघडेल का? बिघडणार नसेल तर ते हटके नाही, नुसतं महाग आहे. पाण्यावरचे निम्मे व्हिले यात नापास होतात.

पास होणारं एक सांगते. श्रीलंकेत डांबुल्लाजवळचं कंडलमा. वास्तुकार जेफ्री बावा (1919–2003) यांना जागा आधी सिगिरियाच्या, म्हणजे उंच खडकावरच्या प्राचीन किल्ल्याच्या, पायथ्याशी सुचवली होती. त्यांनी ती नाकारली आणि लांब तलावाकाठचा कडा निवडला, तिथून सिगिरिया पाण्यापलीकडे दूर दिसतो. इमारत कड्याला बिलगून आहे, भिंतींवर वेली चढल्यात, आत येताना खडक तसाच्या तसा ठेवलाय. बाल्कनीच्या दाराला कडी लावा, नाहीतर माकडं आत येतात. फोटोत ही इमारत नीट दिसतच नाही. दुसरं, जपानच्या नाओशिमा बेटावरचं बेनेसे हाउस. तादाओ आंदो यांचं 1992 मधलं काम, संग्रहालय आणि मुक्काम एकाच छपराखाली. दिवसाचे पर्यटक बोटीने परत गेले की कलाकृतींसमोर मोजकीच माणसं उरतात. पैसे त्या संध्याकाळचे. पण बेटावरची काही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रविवारी रात्री मुक्कामाला जाऊन सोमवार हात हलवत काढू नका.

आणि शेवटची सवय. बुकिंगआधी मी हॉटेलला एक मेल टाकते. त्यात तीनच प्रश्न असतात: मला नेमकी कुठली खोली मिळेल, तिथपर्यंत पायऱ्या किती, आणि शेजारी सध्या काय बांधताय? बहुतेकांकडून ‘आमच्या स्वर्गात आपलं स्वागत’ छापाचं पत्र येतं, प्रश्नांना उत्तर नाही. त्यांना मी लगेच बाद करते. मागच्या वेळी एका छोट्या हॉटेलातून दोन ओळी आल्या: “खोली चार, पायऱ्या 62, मधे बाक आहे. शेजारी भिंत पाडतायत, एप्रिल अखेरपर्यंत आवाज राहील, तुम्ही मेमध्ये या.” मी फोटो न बघता मे महिन्याचं बुकिंग केलं.